शून्य आलं म्हणजे निरोप पोचला

पुणतांब्यापासून सायकलने जाण्याजोग्या अंतरावरच्या एका साखर कारखान्यात बन्सीभाऊ साळवे आवक-जावक बघत. बाहेरून आलेलं पत्र आवक रजिस्टरात चढवायचं, जाणारं जावकात, आणि कारखान्यातल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाला जाणारा कागद स्वतः नेऊन द्यायचा, असं ते काम. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद हरवला नव्हता. हरवले तर बरं, अशी लोकांची इच्छा असलेले कागद पुष्कळ असत. बन्सीभाऊ तेही पोचवत.

त्यांची एक पद्धत होती. जावक क्रमांक टाकला तरी 'रवाना' हा रकाना ते कोराच ठेवत. आधी कागद नेऊन द्यायचा, समोरच्याची सही घ्यायची, परत येऊन टेबलाशी बसायचं, पाणी प्यायचं, आणि मग 'रवाना' आणि 'पोच' हे दोन्ही रकाने एकदम भरायचे. कागद निघाला आहे पण पोचलेला नाही, अशी अवस्था त्यांच्या रजिस्टरात कुणाला कधी दिसली नाही. साहेब बदलून गेले, चेअरमन बदलले. सही घेतल्याशिवाय बन्सीभाऊ कुणाच्या दारातून हलले नाहीत.

सहीचा हा हट्ट घरातूनच आलेला होता. त्यांचे वडील गावकीचे निरोप न्यायचे. मयताचा निरोप, पाटलाचा निरोप, पायी, चार-चार कोस. समोरच्याने 'आम्हाला काही कळलं नाही' म्हटलं की पोचवल्याचा पुरावा काही नसे, मार मात्र असे. छप्पन्न साली वडिलांनी दीक्षा घेतली, निरोपाची काठी गोदावरीत सोडली आणि चौदा वर्षांच्या बन्सीला एवढंच सांगितलं, "निरोप नेयाचा तर लिवून नेयाचा. आन सही घेतल्याबिगर माघारी यायचं न्हाई."

शहाण्णवच्या हंगामाआधी कारखान्यात चार संगणक आले. एक गाडीतळावर, एक वजनकाट्यावर, एक शेती खात्यात आणि एक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. चौथ्यावर कायम कापडी आच्छादन असे, त्यामुळे तो सगळ्यांत कमी बिघडला. चौघांना जोडणारी काळी वायर झाडांवरून, पत्र्यांवरून फिरवली होती. या यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यावेत म्हणून प्रवीण नावाच्या तरुण इंजिनिअरने तेवीस आज्ञांचा एक संच लिहिला. उघड, पाठव, घे, थांब, बंद कर, अशा आज्ञा. पुढे कुणालाही नवा प्रोग्राम लिहायचा झाला तर वायरीची माहिती नको. या आज्ञा वापरल्या की झालं. प्रवीण त्याला लायब्ररी म्हणे.

"लायब्ररी म्हणता आणि पुस्तक एकही नाही," बन्सीभाऊ म्हणाले होते.

दिवाळीत प्रवीणला बंगलोरची नोकरी लागली आणि ती उणीव सगळ्यांच्याच ध्यानात आली. हेडक्लार्क कारभारी गाडेकर, म्हणजे अण्णा, यांनी त्याला बसवून घेतलं. "जायचं तर जा बाबा, पण त्या तेवीसच्या तेवीस लिहून दे."

"अण्णा, मला लिहिता येत नाही."

"मग हे सगळं केलंस कसं?"

"ते वेगळं लिहिणं. मी सांगतो, कुणीतरी उतरवून घ्या."

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. अक्षर चांगलं आणि अकरानंतर हात मोकळे, असा एकच माणूस होता.

आठ दिवस प्रवीण सांगत होता आणि बन्सीभाऊ लिहीत होते. प्रत्येक आज्ञेला एक पान, पानावर चार मथळे: काय द्यावे, काय परत येते, केव्हा वापरावे, बिघडल्यास. हे मथळे बन्सीभाऊंचे. प्रवीणला ते इतके आवडले की आपण आधीच असं का लिहिलं नाही, असं त्याने स्वतःलाच विचारलं. काम बरोबर झालं की यंत्र शून्य परत देतं, हे बन्सीभाऊंना पटायला एक दिवस लागला. "आमच्या वेळी शून्याला छड्या होत्या," ते म्हणाले.

सातवं पान 'पाठव'चं. "यात फार काही नाही काका," प्रवीण घड्याळ बघत म्हणाला. "शून्य आलं की काम झालं."

आता निरोप पाठवण्याचं काम केव्हा झालं म्हणायचं, हे बन्सीभाऊंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'शून्य आले म्हणजे निरोप पोचला. पाठवणाऱ्याने आपल्या यादीतून नोंद काढून टाकण्यास हरकत नाही.' शेवटच्या दिवशी प्रवीणने तेवीसही पानांखाली 'वाचले, बरोबर आहे' असं लिहून सह्या केल्या. त्याला साधारण तीन मिनिटं लागली. त्याची बस पाच मिनिटांनी होती.

वहीच्या चार प्रती निघाल्या. बन्सीभाऊंनी त्या चार ठिकाणी नेऊन दिल्या, सह्या घेतल्या. वह्या कपाटांत गेल्या. इथवर सगळं रिवाजाप्रमाणे झालं.

रिवाज मोडला तो माधुरीने. माधुरी शिर्डीहून एसटीने येई. तिच्या वडिलांचं तिथे हार-फुलांचं दुकान होतं आणि संगणकाचा डिप्लोमा झाला तरी पहाटे हार ओवल्याशिवाय तिची सुटका नव्हती. कारखान्यात ती हंगामी ऑपरेटर. 'यंदाचा हंगाम नीट गेला तर कायम करू' असं तिला तोंडी सांगितलेलं. नाही तर परत सुई-दोरा. तिने ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि वाचून गाडीतळाचा नवा प्रोग्राम लिहिला. उसाची गाडी आली की तिचा नंबर काट्याकडे जाई, शून्य येई, आणि गाडीतळाच्या यादीतून ती गाडी उतरे. मग काट्यावरून पुकारा होई. महिनाभर सुरेख चाललं.

जानेवारीतल्या एका सकाळी एका ट्रॉलीतल्या उसाच्या शेंड्यांनी वायर ओढली गेली आणि जोड सुटला. पंधरा मिनिटांत कुणीतरी तो परत बसवला. तेवढ्यात सात गाड्या आल्या होत्या. त्या गाडीतळाच्या यादीतून उतरल्या आणि काट्याच्या यादीत चढल्या नाहीत. चौदा बैल, सात गाड्या ऊस आणि त्यांची माणसं तळावर उघड उभी होती. कारखान्याच्या लेखी ती नव्हतीच. मागून आलेल्या गाड्या पुढे जात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाथर्डीकडच्या टोळीतली छबूबाई थेट ऑफिसात आली. "साहेब, कालच्या सकाळधरनं उभी हाय मी. ऊस वाळून चिपाडं झाली. माज्या मागून आलेली गाडी दोन खेपा करून गेली. नंबर खाल्ला का काय तुमच्या मशिनीनं?"

"मशीन खात नाही मावशी," अण्णा म्हणाले.

"मंग कोन खातंय तेवढं सांगा. मी त्याच्याशी बोलते."

गाड्या लगेच घेतल्या गेल्या. पण संध्याकाळपर्यंत टोळ्यांचे मुकादम जमले, साहेबांनी आच्छादन बाजूला न करताच चौकशी लावली, आणि अण्णांनी निदान केलं की प्रोग्राम त्या पोरीचा, म्हणजे चूक त्या पोरीची. शनिवारपासून तिला थांबवायचं ठरलं. पत्र तयार करायला टायपिस्टकडे गेलं. ते पोचवणार होते अर्थात बन्सीभाऊ.

ते माधुरीकडे आधी रिकाम्या हातानेच गेले. ती वही उघडून बसली होती, सातवं पान.

"काका, मी शंभरदा तपासलं. यात लिहिलंय तसंच केलंय मी."

बन्सीभाऊंनी पान पाहिलं. मग वायर पाहिली. "ही काढ जरा."

तिने वायर उपसून काढली.

"आता पाठव निरोप."

तिने पाठवला. पडद्यावर शून्य आलं. वायरीचं टोक बन्सीभाऊंच्या हातात होतं.

"परत पाठव."

परत शून्य.

त्यांनी ते टोक टेबलावर ठेवलं. यंत्राने निरोप उंबऱ्याबाहेर टाकला होता आणि हात झटकले होते. वडिलांना मार देणाऱ्यांना जे ठाऊक होतं, वडिलांना जे पाठीवर ठाऊक होतं, ते त्यांच्या मुलाने सुबक अक्षरात उलटं लिहून ठेवलं होतं. बावीस वर्षं दोन रकाने एकदम भरले, त्यामुळे दोहोंच्या मध्ये काही असतं हेच ते विसरून गेले होते.

घरी पत्नी जयमालाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या इंजिनिअरनं सही केली ना? मग तुमचं काय त्यात?"

"त्यानं वाचलं नाही."

"मग वाचलं कुणी?"

"माधुरीनं."

एवढं बोलून त्यांना लाज वाटली आणि, खोटं कशाला, थोडं बरंही वाटलं. जन्मभर लिहिलेल्या कागदांपैकी कुणीतरी एक शेवटपर्यंत वाचला होता, आणि विश्वास ठेवून वाचला होता. म्हणूनच तर तिची नोकरी जात होती.

सकाळी ते वही घेऊन अण्णांपुढे उभे राहिले. "सातवं पान चुकीचं आहे. मी चुकवलंय. पोरीला थांबवू नका."

"साळवे, खाली प्रवीणची सही आहे. तुम्ही कशाला मधे येता? तुम्हाला चार वर्षं राहिलीत."

"अक्षर माझं आहे."

"अहो, पण तुम्ही लिहिलेलं कोण वाचतं?"

"तेच सांगतोय. ती वाचते."

अण्णांनी सातवं पान वाचलं. मग, बहुधा सवय नसल्यामुळे, आठवंही वाचलं. टायपिस्टकडून पत्र परत आलं. कारण तेच राहिलं, फक्त नाव आणि शिक्षा बदलली. माधुरीच्या ऐवजी श्री. बन्सी साळवे यांना 'निष्काळजीपणाबद्दल सक्त ताकीद' देण्यात येत होती.

ताकीद रीतसर जावकातून जायला हवी होती. बन्सीभाऊंनी तिला क्रमांक टाकला, लखोट्यावर स्वतःचं नाव घातलं, पत्र उचलून टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथे बसून पूर्ण वाचलं. एके ठिकाणी 'निष्काळजीपणा'तला एक काना राहिला होता, तो त्यांनी भरला. मगच पोच म्हणून सही केली.

नंतर ते पुन्हा आपल्या जागी आले आणि सातव्या पानाच्या चार नव्या प्रती काढायला बसले. 'शून्य आले म्हणजे निरोप निघाला. पोचला किंवा कसे, हे समोरून कळेपर्यंत नोंद यादीतून काढू नये.' त्याच आठवड्यात माधुरीने चोविसावी आज्ञा लिहिली, 'पोच' नावाची. तिचं पान मात्र तिने स्वतः लिहिलं नाही. ती सांगत गेली, बन्सीभाऊ लिहीत गेले. या वेळी दर ओळीला ते थांबत आणि म्हणत, "वायर काढून दाखव."

चारही ठिकाणी नवी पानं त्यांनी स्वतः नेऊन दिली. जावक रजिस्टरात त्या तारखेला, बावीस वर्षांत प्रथमच, 'रवाना'चा रकाना सकाळी भरलेला दिसतो आणि 'पोच'चा दुपारी, वेगळ्या शाईत.