हडप्पातलं लेकरू

दुपारी घेवडा निवडता निवडता सासूबाई माझी इतिहासाची उजळणी घेतात. त्या चौथी शिकलेल्या. अक्षरं जुळवत सावकाश प्रश्न विचारतात. स्पर्धा परीक्षेची ही माझी शेवटची संधी आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

काल हडप्पाच्या पानावर मातीच्या, खेळण्यातल्या बैलगाडीचं चित्र पाहून त्या थांबल्या.

“ही कुणी केली असेल गं? आईनं की बापानं?”

“असं परीक्षेत विचारत नाहीत, आई.”

“नसतील विचारत. पण लेकरानं हट्ट केला असणार बघ.”

कुठल्या गावात काय सापडलं, हे मी झोपेतही सांगेन. पण तिथे कुणी लेकरू रडलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

“विचारू पुढचं?” त्या म्हणाल्या.

“थांबा जरा,” मी म्हटलं, आणि चित्र पाहायला त्यांच्याजवळ सरकले.