तीन जागी परखी

तुमसरात नवी कादंबरी यावी आणि आमच्या भाटव्यांच्या शिफारशीवाचून कुणी ती वाचावी, असं आजवर घडलेलं नाही. घडलं असेल तर त्या माणसाने ते अजून कबूल केलेलं नाही. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा राईस मिलचा, पण जीव सगळा पुस्तकांत, आणि तोही नव्याच पुस्तकांत. भात मात्र वर्षभर मुरलेल्या तांदळाचाच लागतो. नव्या तांदळाचा भात समोर आला की ‘गिचका झाला’ म्हणून ताट सरकवतील. कादंबरी किंवा आत्मकथन मात्र यंदाचं पाहिजे, फार तर गेल्या सालचं. मी एकदा हे त्यांच्या तोंडावर बोललो, तर म्हणाले, “जुन्या पुस्तकाले सारं गाव ओळखते, मास्तर. नव्याले कोण हाय?”

पोत्यात खुपसून नमुन्याचे दाणे काढायची टोकदार पोकळ नळी असते ना, तिला परखी म्हणतात. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम. पोतं तीन जागी टोचायचं, तोंडाशी, पोटात आणि बुडाशी. दाणे तळहातावर घ्यायचे आणि माल कसा ते सांगून मोकळं व्हायचं. पुस्तकाचंही तेच. परखीच्या टोकाने तीन जागी पान उघडायचं, मोठ्याने वाचायचं आणि निकाल द्यायचा: ‘अव्वल’, ‘चालते’ नाहीतर ‘कणी’. कणी म्हणजे तुटका तांदूळ. हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की ते पुस्तक तुमसरापुरतं मेलं. “भाऊजी, एखादं पुस्तक पुरं तरी वाचा,” असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, “सारं पोतं सांडून कोण पायते बे?”

बरं, शिफारस करून गप्प बसतील तर शपथ! लग्नात अक्षता टाकता टाकता त्यांनी नवरीच्या बापाला मुलगी सासरी गेल्यानंतरच्या एका बापाचं आत्मकथन सुचवलं; त्या माणसाला तिथेच रडू कोसळलं. सिहोऱ्याला तेरवीला गेले, तर पंगतीतच विधवा बाईंच्या हातात एक कादंबरी ठेवली. मला धरणी दुभंगावी असं झालं. आणि त्या बाईंनी महिन्याभराने निरोप पाठवला, की याच्यापुढचं काही असेल तर द्या! मग काय, भाटवे आठ दिवस जमिनीवर नव्हते. शिफारशीनंतर फोन सुरू: “कितव्या पानावर हायेस?” आमचे दाताचे डॉक्टर, भला माणूस, पण सोळाव्या पानावर तीन आठवडे अडकले होते, तेव्हा भाटवे दिसले की पडद्याआड जात. शेवटी भाटव्यांनी दाढ दुखत नसताना नंबर लावला आणि खुर्चीत आडवं होऊन, तोंडाचा आ वासलेला असतानाच विचारलं, “सतरावं पान आलं का?”

साऱ्या गावाला पुस्तकं सुचवणाऱ्या या माणसाने एका व्यक्तीला मात्र कधी एकही पुस्तक सुचवलं नाही. माझ्या ताईला. “तिले कुठं वेळ हाय?” म्हणायचे. पण भाटव्यांनी तीन जागी टोचून ठेवलेलं प्रत्येक पुस्तक ती दुपारी अथपासून इतिपर्यंत वाचायची, आणि वाचून झालं तिथे खूण म्हणून पानात तांदळाचा एक दाणा ठेवायची. भाटव्यांना ते दाणे सापडायचे. “मिलचे उंदीर लय सुशिक्षित झाले,” ते रविवारच्या पुस्तकांच्या बैठकीत सांगायचे. “दाणा आणून ठेवतेत, पण पान खात नाई!” लोक हसायचे. चहा घेऊन आलेली ताईही हसायची. मला तेव्हा भाटव्यांचा मनापासून राग यायचा.

अशी वीस-पंचवीस वर्षं वाचून ताईने गेल्या साली स्वतःचं आत्मकथन लिहिलं. कुणाला न सांगता. वह्या मी नागपूरच्या एका छोट्या प्रकाशकाकडे पोचवल्या. पुस्तकाचं नाव ‘दोन बांध्या पलीकडे’. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचा वाफा. लेखिका: वेणू आसगावकर. वेणू हे तिचं माहेरचं नाव, आसगाव आमचं गाव. सासरी आल्यावर ती मालती झाली, आणि वेणू म्हणणारा जगात मी एकटा उरलो, तोही ताईच म्हणतो.

पुस्तक छापून आलं तेव्हा ती मला म्हणाली, “नागपूरच्या पार्सलात इतर पुस्तकांसंगं ठेवून दे. सांगायचं नाई. पाहू दे मले, ओळखतेत का.”

“आणि नाही ओळखलं तर?”

“तं दुसरं लिहिणार नाई मी. कोणासाठी लिहू?”

हे ती अगदी सरळ आवाजात म्हणाली. ओळखण्याचं तर सोडाच. हा माणूस पंधरा लोकांसमोर ‘कणी’ म्हणून मोकळा झाला असता!

रविवारी चार वाजता घराला लागूनच असलेल्या मिलच्या ऑफिसात बैठक भरली. डॉक्टर होते, बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते, शाळेतल्या दोन बाई होत्या. पार्सल फुटलं. पहिल्या दोन कादंबऱ्या ‘चालते’ ठरल्या. तिसरं पुस्तक हातात आलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“आसगावकर,” भाटव्यांनी वाचलं. “आपलं आसगाव नाई हो हे. आपल्याकडची बाई कायले आसगावकर लिहीन? गोव्यात हाय म्हणे एक आसगाव.” परखी तोंडाशी घुसली. पान रोवणीचं निघालं: चिखलात पाय, कमरेत वाकलेल्या बाया, वरून पाऊस. भाटवे खुलले. “वा! गोव्याची बाई, पण धान समजते. थे लोकई धानच लावतेत म्हणा.”

दारात ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आत येत नव्हती.

परखी पोटात गेली. “‘वाचलं तिथवर मी पानात तांदळाचा दाणा ठेवायची. घरात सगळ्यांना वाटे, उंदीर आहेत.’” भाटवे हसायला लागले. “म्हणजे गोव्यातई उंदीर...” आणि मध्येच थांबले. चष्मा काढून पुसला. साहेब म्हणाले, “अव्वल आहे का हो?” भाटव्यांनी चष्मा परत लावला. तिसऱ्या वेळी परखी पुस्तकाच्या बुडाशी गेली.

पान उघडलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली, पण नेहमीचा आवाज नव्हता. “‘ताटात तांदूळ पसरले होते. अंगठीने त्यांनी माझं नवं नाव लिहिलं. घाईत ‘मा’चा काना राहिला. मलती. भटजींनी बोट धरून काना काढायला लावला, सगळे हसले, मीही हसले. माझं जुनं नाव काय होतं, हे मात्र त्यांनी मला...’”

पुढे न वाचता त्यांनी पुस्तक मिटलं. तो राहिलेला काना त्या मांडवात असलेल्या चारदोन माणसांखेरीज कुणाला ठाऊक असणार?

“कणी निघालं का?” साहेबांनी हळूच विचारलं.

“चूप बसा हो!” भाटवे गरजले, आणि लगेच पडल्या आवाजात म्हणाले, “ऐका. आजवर मी तुमाले जे जे सांगितलं, थे तीन जागी पाहून सांगितलं. घरातई...” ते थांबले. “पस्तीस वर्षं झाले, घरातई तीनच जागी पाहिलं मी. हे पुस्तक पुरं वाचतो. मंग सांगतो.” त्यांनी परखी टेबलावर ठेवली. मग दाराकडे पाहून, शब्द चुकू नये अशा बेताने, हाक मारली, “वेणू.”

ताई हललीच नाही. त्या आवाजात ते नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. हाक आपल्याला आहे हे कळायला तिला वेळ लागला. त्यांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा ती “आली” म्हणाली आणि आत न येता ट्रे माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेली. भाटवे तिच्यामागे गेले. चहा मी वाटला. साहेबांना त्यात साखर कमी वाटली.

त्याला आता चार महिने होत आले. तुमसरात नव्या कादंबऱ्या येऊन पडल्या आहेत, त्यांना कुणी टोचलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, फोन येत नाही तर चुकल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू? परवा मीच फोन केला, “भाऊजी, कितव्या पानावर?” तर म्हणाले, “एकसष्ट. घाई नोको करू, मास्तर. एक पान वाचलं की बाहेर जाऊन बसा लागते.”

काल तुमसरला गेलो होतो. पुस्तक ओसरीत ठेवलेलं होतं, पानात तांदळाचा दाणा. भाटवे दिसले नाहीत. मी ते जसंच्या तसं ठेवलं. निघताना ताई आतून म्हणाली, “पुढच्या वेळी येशील तं एक वही आणजो रे. दोनशे पानी.”