म्हातारपण छाटणारे थेंब

२०१७ साली तलासरीला हायवेलगतच्या एका हॉलमध्ये एक टायवाला येऊन बसला. त्याच्या थेंबांनी म्हातारपण मागे सरतं म्हणे, कारण त्यात ‘आरएनए’ आहे. माझी धाकटी जाऊ कैनाडहून मुद्दाम गेली आणि बाटली घेऊन आली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हसले असते, आणि तेही हळूच. पंचविशीत पहिला पांढरा केस दिसला तेव्हा मी विहिरीमागे बसून तोंडाला पिकल्या चिकूचा गर फासायचे. मुंगळे फार खूष होते, नवऱ्याला फरक कळला नाही. त्या बावळट पोरीला हा टायवाला भेटता तर तिने बाटली नाही, खोकंच उचललं असतं.

पण जावेने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. का, तर वाडीतली रीत. चिकूचं झाड म्हातारं झालं, फळ बारीक धरू लागलं, की आम्ही जुन्या फांद्या छाटतो; मग नवी फूट येते. जुनी औषधं अंगात ठेवून नवी फूट कशी यायची, असा तिचा सवाल. साखर वाढून पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत होती आणि ही फुटव्याची वाट बघत बसलेली.

माझी नात मुंबईत नेमकं हे आरएनएचंच शिकते. ती सुट्टीला आली तेव्हा मी जावेची बाटली आणून तिच्यापुढे आपटली. ती म्हणाली, पेशीतले काही आरएनए प्रथिनं बनवायचा निरोप नेतात. काही मात्र प्रथिन बनवतच नाहीत, म्हणून त्यांना बरीच वर्षं अडगळ समजत. आता कळतंय की तेच दुसऱ्यांचे निरोप दाबतात नाहीतर मोकळे सोडतात, आणि वय वाढतं तसं त्यांचं प्रमाण बदलतं. त्यांच्यामुळे म्हातारपण येतं की म्हातारपणामुळे ते बदलतात, याचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही.

"आणि आजी, तोंडाने घेतलेला आरएनए पोटात पचून जातो. डाळभातातही असतोच."

माझं टाळकं सणकलं. पोरी प्रयोगशाळेत डोळे फोडून एकेक धागा सोडवतायत, आणि हा मेला त्यांचा शब्द बाटलीवर चिकटवून बायकांना गोळ्या सोडायला लावतो! त्याच्या नंबरावर फोन लावला, तर लागेना. तो तोवर उधव्याला दुसरा हॉल धरून बसला होता.

तशीच जावेकडे गेले. ती म्हणाली, "ताई, तुमची नात अजून शिकतेच आहे. तो माणूस टाय लावून बोलत होता."

"छाटल्यावर फांदीचा घाव उघडा ठेवतेस का गं?"

"छे. मोरचूद-चुन्याचा बोर्डो लावते. नाहीतर बुरशी धरून झाड आतून जातं."

"मग तुझ्या अंगठ्याला काय लावलंयस? थेंब?"

तिने पाय साडीखाली ओढला. मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी तिला झापलं, मलाही झापलं. नख गेलं, अंगठा राहिला. आता ती गोळ्या घेते, पण गिळताना माझ्याकडे अशी बघते, जणू तिचं आलेलं तारुण्य मीच दारातून परत पाठवलं.