पत्र्याचा पेला

१९७२ सालच्या ईस्टरच्या सकाळी, पलूसजवळच्या आमच्या चर्चमध्ये सारूबाईंवर अन्याय झाला. मांगवाड्यातून नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईंपुढे प्रभुभोजनाच्या वेळी, सगळे ज्यातून आळीपाळीनं पितात तो चांदीचा प्याला आलाच नाही. चर्चच्या पंचांनी त्यांच्यासाठी वेगळा, पत्र्याचा पेला आणला. प्याल्यातला रस मनुका उकळून केलेला असे; अजूनही तो आंबूस-गोड वास आला की ती सकाळ समोर उभी राहते.

सारूबाईंचे पुढे आलेले हात तसेच थांबले. माझ्या शेजारी दानियलकाका होते. पलटणीतून आलेला माणूस, मारामारीसाठी गावभर बदनाम. मी कुजबुजलो, "काका, हाना की त्या पंचाला!"

काका उठले. वळलेल्या मुठी त्यांनी सावकाश उघडल्या. तो पेला घेऊन सारूबाईंपुढे धरला. "आक्का, तुमी घ्या, मग मला द्या." त्यांच्यामागून काका त्यातूनच प्यायले. पंचांनी घाईघाईनं चांदीचा प्याला पुढे केला, तेव्हा म्हणाले, "माजं झालं."

बसताना मला म्हणाले, "हानणं लय सोपं हाय रं गड्या."

तेव्हा मला तो नेभळटपणा वाटला. आज कळतं, ख्रिस्ताच्या मागं चालणारा पुरुष त्या सकाळी तिथं एकच होता.

तुमच्या मंडळीत असा पेला अजून असेल, तर येत्या रविवारी उठा आणि सगळ्यांदेखत त्यातून प्या.