बिनधुराची चूल, माळ्यावरचे बोंबील

सुधारणा करायला आमच्या मुरब्याइतकं सोयीचं गाव दुसरं नसावं. बोईसरहून जीपनं यायला फार वेळ लागत नाही, समोर समुद्र असल्यामुळे साहेबांचं मन रमतं आणि परतताना पापलेट मिळतं. त्यामुळे ऐंशीच्या दशकात गरिबीविरुद्ध जे जे हत्यार निघालं, त्याची धार आधी आमच्यावर तपासली गेली. कोणी पोरं कमी व्हावीत म्हणून आलं. कोणी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातात पाट्या दिल्या; त्या पुढे लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणून फार उपयोगी पडल्या. दारूबंदीवर तळमळून बोललेल्या एका गृहस्थांनी भाषण संपल्यावर, इथे ताडी ताजी मिळते का, असं माझ्या काकाला हळूच विचारलं होतं. काका त्यांना घेऊनही गेला. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

या सगळ्यांची मी यथेच्छ चेष्टा करत असे. पालघरला कॉलेजात जात होते, त्यामुळे जीभ जरा जास्तच सुटली होती. पण निर्धूर चुलीची योजना आली तेव्हा मी मुकाट्यानं सरकारच्या बाजूला जाऊन बसले. कारण घरात आई खोकत होती.

तो खोकला साधा नव्हता. पहाटे चूल पेटवायला ती खाली वाकली की सुरू व्हायचा आणि भाकऱ्या होईपर्यंत थांबायचा नाही. डोळे कायम लाल, पापण्या सुजलेल्या. मी तिला ओढून पालघरच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, ‘‘औषध देतो, पण धूर बंद करा. नाहीतर ही छाती फार वर्षं साथ देणार नाही.’’ बाहेर आल्यावर आईनं पदर खोचला आणि म्हणाली, ‘‘त्याचं काय जातं? त्याला कुठं चूल फुकायला लागते!’’

योजना घेऊन पंचायत समितीची एक बाई यायची. किडकिडीत, खांद्याला पिशवी, हातात छत्री, आणि चपला कायम ओल्या वाळूत रुतलेल्या. तिनं आमच्या ओट्यावर बसून कागदाची घडी उलगडली आणि चुलीचं चित्र दाखवलं: दोन तोंडं, मागून वर गेलेलं नळकांडं, कौलातून बाहेर निघालेलं, त्याला वर टोपी.

आईनं चित्र उलटंसुलटं पाहिलं. ‘‘चुलीला नळकांडं? चूल काय बोट हाय?’’

‘‘काकी, धूर बाहेर जाईल. तुमचा खोकला कमी होईल.’’

‘‘आनि पाऊस आत येईल!’’

आळीतल्या बायकांचं मत तेच होतं. कौलाला भोक पाडून घ्यायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण मी हट्टाला पेटले. जेवणार नाही म्हटलं, कॉलेजला जाणार नाही म्हटलं. शेवटी, डॉक्टरचं बोलणं बाबांना सांगेन म्हटलं, तेव्हा ती नमली. बाबांना सांगितलं असतं तर ते दोन दिवस बोटीवर गेले नसते, आणि हे तिला परवडणारं नव्हतं. गावातली पहिली निर्धूर चूल आमच्याकडे बसली. आईनं तिला हळदकुंकू लावलं, लाकडं घातली, आणि कौलावरच्या टोपीतून धुराचा लोट निघाला. समोरच्या घरातले म्हातारे आजोबा घर पेटलं समजून पाण्याची बादली घेऊन धावत आले आणि ती त्यांनी आमच्या ओट्यावर ओतली. उद्घाटन म्हणतात ते हेच.

आता खरं सांगायचं तर चूल उत्तम चालली. चेष्टेखोर माणसाला हे कबूल करायला जड जातं, पण त्या उन्हाळ्यात आई पहाटे खोकली नाही. भाकरी थापताना ती गाणं गुणगुणायला लागली. स्वयंपाकघराला चौथी भिंत आहे आणि तिच्यावर कोनाडा आहे हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं. आईचा खोकला थांबलेला बघून सगळी आळी त्या बाईच्या मागे लागली. पाऊस सुरू व्हायच्या आत जवळजवळ प्रत्येक कौलावर टोपी आली. मला तर आनंदानं काय करू नि काय नको असं झालं होतं. माझी आई वाचली, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

मग पाऊस लागला.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे बोटी ओढून वर घेतलेल्या, त्यांच्यावर विणलेल्या झावळ्यांचे झाप टाकलेले, आणि नारळी पुनवेपर्यंत समुद्राकडे नुसतं बघत बसायचं. त्या महिन्यांत घर चालतं ते सुक्या मासळीवर. हिवाळ्या-उन्हाळ्यात जबड्यात जबडा अडकवून दोऱ्यांवर वाळवलेले बोंबील बायका टोपल्यांत भरतात आणि चुलीवरच्या माळ्यावर चढवतात. थोडे घरात खायचे, बाकीचे नेऊन बोईसरच्या बाजारात विकायचे. तिथे कारखान्यांतले कामगार ‘‘मौसी, सूखा अच्छा है ना?’’ करत यायचे आणि आई हिंदीत ‘‘एकदम कडक हाय!’’ म्हणून सांगायची. माझ्या कॉलेजचा सगळा खर्च त्या कडक बोंबलांवर चालला होता.

टोपल्या माळ्यावर का ठेवायच्या, हे कुणी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आजी ठेवायची, म्हणून आई ठेवायची. खालून येणारा धूर हा त्या बोंबलांचा बिनपगारी राखणदार होता. बाईला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, ती घाटावरची. पण आमच्या बायकांचं काय? त्यांनी स्वतःच्या हातांनी राखणदाराला कौलातून बाहेर घालवलं आणि टोपल्या नेमक्या त्याच जागी नेऊन ठेवल्या. एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही. मी अर्थशास्त्र शिकत होते.

आषाढात आईनं बाजारासाठी पहिली टोपली खाली काढली. वरचा थर मऊ पडला होता. खाली पांढरी बुरशी, आणि तिच्याखाली वळवळ. तिनं दुसरी टोपली काढली. मग उरलेल्या न बघताच ती खाली बसली. आई रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती नळकांड्याकडे बघत राहिली, माहेरच्या माणसानं फसवल्यासारखी.

मग उठली, शिडी लावली, जुन्या जाळ्याचा गोळा केला, त्याला गोणपाट गुंडाळलं आणि नळकांड्याच्या तोंडात ठोकून बसवलं. चूल पेटवली. धूर खाली उतरला, घरभर फिरला, माळ्यावर चढला. उरलेल्या टोपल्या वाचल्या. खोकलाही पहिल्याच दिवशी परत आला.

त्या आठवड्यात आळीतल्या घराघरांतून ठोकाठोकीचे आवाज येत होते. कुणी जाळं कोंबलं, कुणी नवऱ्याचा फाटका रुमाल, एकीनं साक्षरतेच्या वर्गातली पुस्तकं. वर टोप्या दिमाखात उभ्या आणि खाली बायका डोळे चोळत.

आणि अशात मोठे साहेब चुलींची पाहणी करायला आले.

चिखल होता म्हणून ते रस्त्यावरच थांबले. एका शिपायानं डोक्यावर छत्री धरली होती. साहेबांनी मान वर करून कौलावरच्या टोप्या पाहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळीकडे चुली पेटलेल्या होत्या. पण धूर कौलांच्या फटींतून झिरपून पावसात मिसळत होता. टोप्या मात्र पावसानं धुऊन लख्ख.

‘‘वा!’’ साहेब म्हणाले. ‘‘एकाही चुलीतून धूर नाही! याला म्हणतात निर्धूर.’’

बाई त्यांच्या मागे उभी होती. तिला कळलं. ज्या नळकांड्यातून धूर निघत नाही ते मेलेलं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिनं पिशवीतून वही काढली आणि साहेबांचं वाक्य लिहून घेतलं. नोकरी होती तिला.

आमच्या गावाला प्रमाणपत्र मिळालं. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर समारंभ झाला आणि पहिली चूल आमची म्हणून आदर्श गृहिणीचं वेगळं प्रमाणपत्र आईला. आईनं ते काचेच्या चौकटीसकट छातीशी धरलं आणि माईकजवळच खोकून घेतलं. सगळ्या मैदानानं तो खोकला ऐकला. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि ओरडून म्हणाले, ‘‘साहेब, नळकांडी बंद आहेत! आत धूर कोंडलाय! बोंबलांना किडे पडले म्हणून बायकांनी बोळे कोंबलेत!’’

साहेब हसले. माईक जवळ ओढून म्हणाले, ‘‘पाहा, खेड्यातल्या मुली किती धीट होत आहेत. हेसुद्धा योजनेचंच यश म्हणायला हवं.’’

टाळ्या पडल्या. माझ्या काकानंही वाजवल्या, त्याला वाटलं मला बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी बाई एकटीच आली. जीप नाही, कागद नाही. चुलीजवळ आईच्या शेजारी पाटावर बसली आणि डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, ‘‘काकी, दोन चुली करू. आत ही, माणसांची. मागच्या पडवीत तीन दगडांची, बोंबलांची. टोपल्या तिकडे टांगायच्या. नळकांडं मोकळं करू.’’

इतका साधा उपाय होता. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

आईनं मान हलवली. ‘‘लाकडं कोन देनार? डोंगरावरल्या बाया मोळ्या घेऊन येतात, पावसात त्या बी येत नाय. हायेत तेवढ्या लाकडावर एकच चूल पेटते. तिच्यावर भाकऱ्या करू का बोंबील राखू? दोनी एकातच होतंय तवर होऊ दे.’’

‘‘लाकडांसाठी योजनेत काही तरतूद करता येते का, विचारते,’’ बाई म्हणाली. तिनं विचारलं. योजना चुलीची होती. लाकडांची योजना दुसऱ्या खात्याकडे होती, आणि बोंबलांची कुणाकडेच नव्हती. हे सांगायला ती पुन्हा आली, तेव्हा फार लाजल्यासारखी बोलत होती. पुढे तिची बदली झाली. तिच्यावर मला कधीच राग धरता आला नाही, आणि मी राग धरण्यात कमी नाही.

बाई लाकडांचं ते सांगून गेली त्याच दिवशी मी आईशी कडाकडा भांडले. म्हटलं, टाकून दे ते बोंबील, मी कॉलेज सोडते, बोईसरला कारखान्यात पॅकिंगला लागते. आईनं फुंकणी उचलली. मला वाटलं आता बसणार पाठीत.

‘‘तुजं कॉलेज त्या माळ्यावर हाय,’’ ती म्हणाली. ‘‘खाली उतरवायचं ते मी उतरवीन. तू हात लावायचा नाय.’’

आणि वाकून तिनं चूल फुंकली. खोकली, पुन्हा फुंकली. आदर्श गृहिणीचं प्रमाणपत्र तिनं मोठ्या हौसेनं चुलीवरच्या भिंतीला टांगलं होतं. दिवाळीपर्यंत ते इतकं काळं झालं की त्यावर कुणाचा फोटो आहे असं पाहुणे विचारायचे. ‘‘सरकारचा,’’ मी सांगायची.

मी शिकले. बोईसरला नोकरी लागली, खोली घेतली, गॅस आला. आईला घेऊन आले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. गॅसची निळी ज्योत तिनं खूप वेळ पाहिली आणि म्हणाली, ‘‘हिला फुकायचं कुठनं?’’ फुंकायला तिच्यात आता काही राहिलं नव्हतं. जिना चढताना ती प्रत्येक वळणावर बसायची. बोईसरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, ‘‘आजी, किती वर्षं विडी ओढता?’’ जन्मात विडीला हात न लावलेली माझी आई एवढी चिडली की त्या दिवशी तिनं औषधही घेतलं नाही.

तिच्या शेवटच्या पावसाळ्यात तिला सुके बोंबील खावेसे वाटले. मी बाजारातून आणले. आता तिला अंथरुणावर उठून बसणंही जड जात होतं. मी पाठीला उशी लावली. तिनं एक बोंबील हातात घेतला, बोटानं दाबला, वाकवला. तो मोडला नाही, नुसता वाकला. एका बाजूला जरा बुरशी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुरब्याच्या कोळणीच्या पोरीनं असला माल घरी आणावा! मी तो परत घेऊ लागले, तर तिनं सोडला नाही. नाकाजवळ नेऊन वास घेतला, बराच वेळ.

‘‘ह्याला धूर नाय लागला,’’ ती म्हणाली. बोलायला तिला मध्ये थांबावं लागलं. ‘‘कोनाची तरी आई बरी हाय.’’

मग म्हणाली, ‘‘पुसून घे नि भाज.’’