अक्कांचा डावा गुडघा

आज सकाळी अक्कांच्या अस्थी गोळा करताना राखेत त्यांचा गुडघा सापडला.

काळवंडलेला, पण अख्खा. धातूचा.

धारवाडहून आलेला त्यांचा भाचा तो हातात घेऊन बघत राहिला. मी म्हणालो, डावा आहे.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं.

भाडेकरू होतो, एवढंच सांगितलं. उरलेलं इथे लिहितोय.

नाइंटीजमध्ये नागपूरहून बेंगळूरला आलो. गुडघे बदलायच्या ऑपरेशनचं सामान पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी. करवत, हातोडा, हाड नेमकं कुठे कापायचं ते दाखवणारे स्टीलचे ठोकळे. सगळ्या कर्नाटकात आमचा एकच सेट. ऑपरेशन असलं की पेट्या रिक्षात घालून हॉस्पिटलला न्यायच्या आणि थिएटरमध्ये एका कोपऱ्यात उभं राहायचं.

राजाजीनगरला अक्कांच्या घरी वरची खोली घेतली होती. अक्का मूळच्या निपाणीच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गुडघा इतका झिजला होता की स्वतःच्याच घराचा जिना त्यांना चढता येत नव्हता. भाडं द्यायला मी खाली जायचो, तेवढीच भेट.

त्यांचं ऑपरेशन ठरलं आणि सेट आमचाच लागणार होता. आदल्या दिवशी म्हणाल्या, "स्वल्प दाखीव की रे, काय काय घालणार ते."

पेटी उघडली. त्यांनी करवत हातात घेतली, वजन बघितलं आणि परत ठेवली.

मग हळूच म्हणाल्या की ऑपरेशनची भीती नाही. काही झालंच तर डॉक्टर बाहेर कुणाला सांगणार, तेवढं मनात येतंय.

सकाळी सिस्टरनं विचारलं, बाहेर कोण बसणार? भाच्याला यायला जमलं नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "माझा माणूस आतच आहे."

कमरेखालचा भाग बधिर केलेला, पण अक्का जाग्या. मध्ये हिरवा पडदा. करवत थांबली, हातोड्याचे ठोके सुरू झाले आणि पडद्यापलीकडून मराठीत आवाज आला.

"आहेस काय रे?"

आम्ही तिथे गप्प उभं राहायचं असतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते मान वर न करताच कन्नडमध्ये म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी.

"आहे, अक्का."

मग बोलत सुटलो. आमच्या घराबद्दल, आईबद्दल, तिच्या हातच्या वडाभाताबद्दल. मध्येच डॉक्टर पुढचा ठोकळा मागायचे, मी सिस्टरला तो कुठल्या ट्रेमध्ये आहे ते दाखवायचो आणि पुन्हा बोलू लागायचो.

बेंगळूरला आल्यापासून एका दमात एवढं मराठी मी बोललोच नव्हतो.

अक्का मधूनमधून "हं" म्हणायच्या. शेवटचा टाका पडेपर्यंत.

ऑपरेशन चांगलं झालं.

काही महिन्यांनी एका रविवारी जिन्यावर काठी वाजली. एक पायरी. थांबणं. पुन्हा एक पायरी.

दार उघडलं तर अक्का. घामाघूम, पण हसत.

मला वाटलं, वर आल्याचं कौतुक सांगतील. त्यांनी खोली बघितली. गादी, पेट्या, दोरीवर दोन शर्ट. बाकी काहीच नाही.

काठी भिंतीला टेकवून त्या खिडकीत बसल्या.

"अरे, तू पण एकटाच की," म्हणाल्या.

एवढं सरळ मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

"सरी, असू दे. चहा टाक."

त्यानंतर माझी चेन्नईला बदली होईपर्यंत दर रविवारी त्या वर यायच्या. चहा प्यायचा. बोलणं फारसं नसायचं.

आता मी परत बेंगळूरला, सर्जापूर रोडला राहतो. सोसायटीत चिक्कार मराठी माणसं आहेत. तरी आज घरी आल्यावर हे कुणाला सांगावं ते कळेना.

बरं अक्का, या. सावकाश जा.

तुमच्या वरच्या खोलीतल्या माणसाचा शेवटचा नमस्कार.