वाळूत भाजलेली भाकरी

हाउन्सलोच्या घरी लॉफ्टमधली स्लीपिंग बॅग झटकली, तर धुराचा वास आला आणि मी तीस वर्षांपूर्वीच्या मोरोक्कोच्या वाळवंटात पोचले.

बाबा गेल्यापासून आई बोलेनाशी झाली होती. म्हणून आमच्या बॅकपॅकर ग्रुपच्या कॅम्पिंग टूरवर मी तिला ओढूनच नेलं होतं. एका सकाळी गाइडने निखाऱ्यांखालच्या गरम वाळूत भाकरी पुरली. आई उठली आणि चक्क मराठीत त्याला म्हणाली, “अहो, करपेल ना! उलटा ती.”

सगळे हसले. मी लाजून मान खाली घातली. गाइडने मात्र काठी तिच्याच हातात दिली. तिने भाकरी उलटली, भाजल्यावर वाळू झटकून मोडली आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला. “खा गं, गरम आहे.”

तेव्हा मी वर बघायला हवं होतं. ग्रुपमधले नंतर सांगत होते, आई हसत होती म्हणे.